बारा, बारा आणि सव्वीस

नववी अ आणि नववी ब यांच्या मधे भिंत नव्हती. प्लायवूडचा आडोसा होता, आणि तोही छतापर्यंत पोचत नव्हता. त्यामुळे शेजारचे सर सूत्र पाठ करून घ्यायला लागले की मला खडू खाली ठेवावा लागे. पन्नास मुलांचा एका सुरातला गजर वरच्या फटीतून आमच्या वर्गात पडायचा. एस, एस वजा ए, एस वजा बी. माझी मुलं नकळत त्याच तालावर माना हलवायची. मला असा संताप यायचा की सांगता सोय नाही.

नवऱ्याला अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी सांगलीहून मद्रासला आले. म्हणजे चेन्नईला. दोन हजार सालानंतरची ती पहिलीच काही वर्षं. आमच्या घरी सासूबाई शेवटपर्यंत मद्रासच म्हणत राहिल्या, त्यामुळे माझ्याही तोंडात तेच बसलं. जवळच्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मला नववी ब चं गणित मिळालं. मुलं आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांची, कारकुनांची, दुकानदारांची. घरी तमिळ, पुस्तकात इंग्रजी, आणि समोर मी, जिचं तमिळ भाजीवाल्यापुरतंसुद्धा नव्हतं.

पहिल्या चाचणीत मी एक गंमत केली. बाप आणि मुलगा यांच्या वयाचं नेहमीचं उदाहरण दिलं, फक्त आकडे असे घातले की उत्तरात बाप मुलापेक्षा लहान निघावा. वाटलं, कुणीतरी हसेल, कुणीतरी हात वर करेल. छे! सगळ्या वर्गाने शांतपणे बाप मुलापेक्षा लहान काढला, उत्तराखाली पट्टी ठेवून पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आणि पेपर दिला. तिथली तशी रीतच होती. उत्तर आलं की दोन रेघा. एकदा रेघा मारल्या की उत्तर देवाला वाहिल्यासारखं, पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही. कित्येकांनी तर पुस्तकातल्या मूळ उदाहरणाचंच उत्तर लिहिलं होतं, कारण ते पाठ होतं.

मी खूप चिडले. वर्गावर ओरडले. मग घरी येऊन नवऱ्यावर ओरडले. तो म्हणाला, "अगं, त्यांना कुणी विचारलंय का कधी, की हे असं होऊ शकतं का म्हणून?"

नवरे कधीकधी अगदी अपघाताने शहाणं बोलतात. दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या शिपायाकडून एक शब्द शिकून घेतला. मुडियुमा. म्हणजे, होऊ शकतं का? हो असेल तर मुडियुम, नसेल तर मुडियादु. तेव्हापासून माझ्या वर्गात नियम झाला. फळ्यावर कुठलंही उदाहरण आलं की आधी पेन खाली. आधी मी विचारणार, "मुडियुमा?" कुणीतरी हो किंवा नाही म्हणायचं आणि का ते सांगायचं. मगच सूत्र. माझ्या उच्चाराला मुलं पोट धरून हसायची. हसू देत, म्हटलं, तोंड तर उघडतायत.

त्रिकोण आले तेव्हा मी सगळ्यांना घरून खराट्याच्या काड्या आणायला लावल्या. तिकडे खराटे नारळाच्या झावळ्यांच्या हिरांचे, काड्या सरळ आणि कडक, पटकन मोडता येतात. मी प्रत्येकाला तीन मापं सांगायची, त्यांनी त्या मापांच्या काड्या मोडून बाकावर त्रिकोण जुळवायचा. काही जुळायचे. काही जुळायचे नाहीत, कारण दोन आखूड काड्या मिळून लांब काडीच्या टोकापर्यंत पोचायच्याच नाहीत. मुलं काड्या ओढून बघायची, वाकवून बघायची, एकाने तर थुंकी लावून चिकटवून बघितली.

शेवटच्या बाकावर एक उंच मुलगी होती. दोन वेण्या वर दुमडून लाल फितींनी बांधलेल्या, कपाळाला विभूतीची बारीक रेघ. जूनपासून तिने वर्गात एक अक्षर उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मुडियादु, मिस." मी विचारलं, का? तिने दोन आखूड काड्या उचलल्या, एकीला एक जोडून लांब काडीवर ठेवल्या आणि उरलेल्या जागेवर बोट ठेवलं. एवढंच. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी तिला वर्गासमोर मिठी मारायचीच बाकी ठेवली.

पण सगळ्या पालकांना हा आनंद कळेल कसा? घरोघरी खराटे विरळ होत होते. मुलं घरी काही पाठ करत बसत नव्हती. धडे मागे पडले होते. दोन वडील मुख्याध्यापिकाबाईंना भेटून गेले आणि म्हणाले, नवी मिस पोरांना काड्या खेळवते. बाईंनी मला बोलावलं. स्वभावाने वाईट नव्हत्या त्या, पण आमच्या शाळेत दहावीला गणितात शंभरपैकी शंभर, ज्याला तिकडे सेंटम म्हणतात, मिळवणाऱ्यांचे फोटो दारातच लावलेले होते, आणि बाईंना त्या दारातून रोज आत यावं लागे.

"सहामाहीपर्यंत तुमच्या पद्धतीने करा," त्या म्हणाल्या. "ब वर्गाची सरासरी अ वर्गाच्या खाली गेली, तर जानेवारीपासून ब वर्गही सरांकडे. तुम्ही तिसरी घ्या. तिथे काड्या चालतील."

मी "येस मॅडम" म्हणून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून दोनदा नाक पुसलं. तिसरीचा मला तिटकारा नव्हता. पण ही मुलं आत्ता कुठे बोलायला लागली होती. प्लायवूड काढून त्यांना पलीकडच्या गजरात मिसळून टाकायचं, हे मला नको होतं. विशेषतः त्या उंच मुलीला. ती पुन्हा गप्प बसेल हे मला दिसत होतं.

आता सरांबद्दल सांगायला हवं. ते तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले, पण घरात मराठी. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली, पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशात लाल आणि निळं पेन. दारातले बहुतेक फोटो त्यांच्या विद्यार्थ्यांचे. मी मराठी आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले होते आणि म्हणाले होते, "अम्मा, आमचें मराठी ऐकून हांसूं नका हं. तीनशें वर्षांचें आहे तें." मी हसलेच. पण त्यांचं ते अनुस्वारांनी भरलेलं, तमिळच्या हेलात झुलणारं मराठी ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. 'सगळे' म्हणायला ते 'अस्के' म्हणत. त्यांच्या डब्यातला पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, मी निम्मा खायची आणि त्यांच्याशी पूर्ण भांडायची.

"सर, मुलं पोपट झालीत हो तुमची."

"पोपट उपाशी मरत नाहीं, अम्मा," ते म्हणायचे. "माझ्या पोरांचे बाप लेथवर काम करतात. घरीं सांगणारा कोणी नाहीं. परीक्षेंत भीतीनें डोकें बंद होतें. डोकें बंद झालें तरी हात चालला पाहिजे. म्हणून पाठ."

त्यात तथ्य होतं. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. सहामाहीचा पेपर सर काढणार होते. मी त्यांच्या मागेच लागले. निदान पुस्तकातल्या उदाहरणांचे आकडे तरी बदला. जसंच्या तसं देऊ नका. मुलं विचार करतात की नाही ते कळू तरी दे. सर पुष्कळ दिवस नाही म्हणत राहिले आणि शेवटी कंटाळून म्हणाले, "सरि, अम्मा. बदलतों. तुमच्यासाठीं."

परीक्षा डिसेंबरात, मार्गळी महिन्यात झाली. सकाळी घरोघरी दारात मोठ्या रांगोळ्या, हवेत मद्राससारख्या गावाला शोभेल इतपतच गारवा. गणिताच्या पेपरला माझी देखरेख सहावीवर होती. घंटा झाली आणि माझा वर्ग जिन्यावरून धडधडत माझ्याकडे आला. तोंडं फुललेली.

"मिस! त्रिकोण! मुडियादु!"

मी प्रश्नपत्रिका ओढून घेतली. पाच गुणांचा प्रश्न. एका त्रिकोणी जागेच्या बाजू बारा, बारा आणि सव्वीस मीटर. क्षेत्रफळ काढा.

बारा नि बारा चोवीस. सव्वीसला दोन कमी. असा त्रिकोण या पृथ्वीवर नाही.

मुलं उड्या मारत होती आणि माझ्या मात्र पाचावर धारण बसली. "तुम्ही काय लिहिलंत?" मी विचारलं. बहुतेकांनी लिहिलं होतं की असा त्रिकोण होऊच शकत नाही. उंच मुलीने तर चित्र काढलं होतं. काहींनी भिऊन क्षेत्रफळ काढलं होतं, ते ओशाळून मागे उभे होते. मी हसून सगळ्यांना शाबासकी दिली आणि स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घेतलं. पाच गुण. सरांच्या नमुना उत्तरात आकडा असणार, म्हणजे वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाचे पाच गुण गेले. सरासरी कुठे जाणार ते दिसतच होतं.

आणि हे सगळं मीच मागून घेतलं होतं! पुस्तकात तेरा, तेरा, चोवीस होतं, उत्तर साठ. ते तसंच राहिलं असतं तर माझ्या मुलांनीही साठ काढलं असतं आणि आम्ही सगळे सुखात राहिलो असतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शिवाय आमच्याकडे पेपर तपासायची पद्धत अशी, की अ वर्गाचे पेपर ब च्या शिक्षकाने तपासायचे आणि ब चे अ च्या. म्हणजे माझी मुलं सरांच्या लाल पेनाखाली, आणि सरांची माझ्या.

शनिवारी मी गठ्ठा उघडला. पहिल्या पेपरात त्या प्रश्नाचं उत्तर पासष्ट. दुसऱ्यात पासष्ट. तिसऱ्यात पासष्ट, खाली दोन रेघा. मी स्वतः गणित करून बघितलं तेव्हा गंमत कळली. तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायच्या सूत्रात बारा, बारा, सव्वीस घातले की वर्गमुळाच्या आत उणे संख्या येते. पण ते उणे चिन्ह तेवढं पुसून टाकलं की बाकीच्या आकड्यांचं वर्गमूळ सुरेख सुटतं. पासष्ट. सरांच्या मुलांनी उणे चिन्ह तऱ्हातऱ्हांनी नाहीसं केलं होतं. कुणी सरळ गाळलं होतं. कुणी दुसरं एक उणे शोधून आणून दोघांचं अधिक केलं होतं. एकाने ते लिहून, खोडरबराने कागद फाटेपर्यंत घासून काढलं होतं. त्या मुलाला नक्की संशय आला होता. आणि त्याला वाटलं होतं की चूक आपलीच असणार.

त्या घासलेल्या जागेकडे बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं.

नवरा म्हणाला, "दे सगळ्यांना शून्य. त्यांचे पाच गेले, तुमचे पाच गेले. फिट्टंफाट."

"मुलांनी काय घोडं मारलंय?" मी त्याच्यावर उखडले.

मग करायचं काय? मुख्याध्यापिकाबाईंकडे जावं, तर त्या म्हणणार, निकाल वाईट येणार म्हणून आधीच सबबी सांगायला आली. सरांना सांगावं, तर त्यांना काय तोंडाने सांगू की तुम्ही काढलेला त्रिकोणच नाही? फोटोंनी भरलेल्या दाराचे मालक ते. त्यातून माझ्यासाठी म्हणून आकडे बदललेले. रविवारी आम्ही टी. नगरला पोंगलची खरेदी करायला गेलो. साड्यांच्या दुकानात त्या गर्दीत उभी राहून मी मनातल्या मनात सरांशी बोलणं जुळवत होते. सेल्समनने पसरलेल्या साडीचा काठ त्रिकोणांचा होता. मी ती साडी बाजूला सारली.

सोमवारी मी मुद्दाम लवकर गेले. शिक्षकांच्या खोलीत सर आधीच बसलेले होते, एकटेच. टेबलावर माझ्या वर्गाचे पेपर, आणि पेपरांच्या शेजारी खराट्याच्या तीन काड्या. एक लांब, दोन आखूड. लांब काडीच्या दोन टोकांना आखूड काड्या लावून ठेवलेल्या, आणि मधे बोटभर मोकळी जागा.

मी दारातच थांबले.

"या, अम्मा," सर म्हणाले. "लागत नाहींत."

मी पुढे होऊन खुर्चीत बसले. दोन दिवस जुळवलेलं सगळं भाषण साडीच्या दुकानातच राहिलं होतं.

"पहिल्या पेपरावर मी काट मारलों," ते सांगू लागले. "दुसऱ्यावर मारलों. तिसऱ्यावर मारलों. राग आला, अस्के पोरं एकच कसें लिहितात, कॉपी केलीं कीं काय. मग हें आलें." त्यांनी एक पेपर माझ्यापुढे सरकवला. माझ्या उंच मुलीचा. तिने सव्वीसची आडवी रेघ काढली होती, दोन्ही टोकांकडून बारा-बाराच्या रेघा जवळजवळ आडव्याच आणल्या होत्या आणि तरी मधे उरलेली फट दाखवली होती. खाली तिच्या तुटक्या इंग्रजीत लिहिलं होतं की या जागेला कुंपण घातलं तर त्यातून गाय बाहेर जाईल.

"हें वाचलों आणि उठलों," सर म्हणाले. "घरचा खराटा मोडलों. बायको ओरडली. मी मापून मापून मोडलों, अम्मा. किती वेळां करून पाहिलों. लागत नाहींत." मग त्यांनी मधल्या फटीवर बोट ठेवलं. "तेराचे बारा केलों, चोवीसचे सव्वीस केलों. घेर तोच राहतो, पन्नास, म्हणून हिशोब सोपा. उत्तर सुटलें, पासष्ट. मी पण उणे चिन्ह पाहिलों नाहीं. इतकीं वर्षें हेंच करतों मी. हात चालला."

मला रडू येईल असं वाटलं. मी म्हणाले, "सर, माझ्यामुळेच बदलले ना तुम्ही आकडे."

"बरें झालें बदललों," ते म्हणाले, आणि एकदम हसले. "गाय बाहेर जाईल म्हणे!"

त्यांनी तीन काड्या उचलून खिशात पेनांच्या शेजारी खोचल्या आणि तडक मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. मला बरोबर येऊ दिलं नाही. मी बाहेर व्हरांड्यात, त्या फोटोंच्या समोर उभी. दार अर्धवट उघडं होतं. बाई पहिल्यांदा म्हणाल्या, त्यात काय, सगळ्यांना पूर्ण गुण देऊन टाका, गाजावाजा नको. सर म्हणाले, ठीक. मग त्यांचा आवाज चढला, आणि मला माझ्या वर्गाबद्दलचं जे वाक्य ऐकू आलं ते मी अजून विसरलेले नाही. तमिळमध्येच म्हणाले ते, पण तेवढं तमिळ मला तोवर येत होतं. "ब वर्ग मला देऊ नका. मी घेणार नाही. तो त्यांच्याकडेच राहू दे."

माझा जीव भांड्यात पडला. मी व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि मोठ्याने, अगदी आवाज करून, श्वास सोडला. जाणारी दोन मुलं वळून बघायला लागली. बघू देत. चार महिने छातीवर ठेवलेला दगड उतरत होता. त्या दिवशी मी सरांच्या डब्यातला निम्मा नाही, सगळा भात खाल्ला आणि त्यांनी खाऊ दिला.

एक गोष्ट सांगायची राहू नये. सरासरी लागली तेव्हा ब वर्ग अ च्या खालीच होता, थोडासा. बाईंनी तो कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या विषयावर बोलू लागल्या. तिसरीचं नाव पुन्हा निघालं नाही. शिक्षकी पेशात याहून मोठं बक्षीस मिळत नाही.

सुट्टीत सर एग्मोरहून गाडी पकडून तंजावरला गेले, पोंगल झाल्यावर परत आले. शाळा सुरू झाली. प्लायवूड तिथेच होतं, आणि पहिल्याच तासाला पलीकडून गजरही सुरू झाला. माझ्या मनात आलं, चला, पहिले पाढे पंचावन्न. मी खडू खाली ठेवला आणि गजर संपायची वाट बघत उभी राहिले.

तो मधेच थांबला. पलीकडे टेबलावर टिचकी वाजली. मग सरांचा आवाज आला.

"मुडियुमा?"

काही उत्तर नाही. पलीकडे इतकी शांतता मी त्या वर्षात कधी ऐकली नव्हती. माझ्या वर्गातल्या सगळ्या माना प्लायवूडकडे वळल्या. मी हातातला डस्टर घट्ट धरून उभी. बोला रे कुणीतरी, मी मनात म्हणत होते. हो म्हणा, नाही म्हणा, पण बोला.

शेवटच्या बाकावरच्या उंच मुलीला धीर निघाला नाही. तिचा हात वर गेला, प्रश्न पलीकडच्या वर्गाला विचारलेला असतानासुद्धा. मी मान हलवून तिला हात खाली घ्यायला सांगितला. तिने तो घेतला, आणि तेवढ्यात वरच्या फटीतून एका मुलाचा बारीक, घाबरलेला आवाज आला.

"मुडियादु, सर."

"बरं," सर म्हणाले. "का ते सांग."